दुसऱ्याच्या हातची गाठ

नथ्थूजी पराते नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत. ते बघत कोपराकडे. आमच्या विभागाच्या व्हरांड्यात कुणी पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीवर बसून आलं, की हे आपल्या खुर्चीतून त्याला म्हणत, "हात चाकाच्या माथ्यावर ठेव गा. हां. आता कोपर दाखव." कोपर पाहून झालं की डोळे मिटून घेत आणि म्हणत, "आता चाल." तो माणूस खुर्ची ढकलत व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाई आणि नथ्थूजी मान खाली घालून चाकांचा आवाज ऐकत बसत. नाव, गाव, काय दुखतं, कधीपासून दुखतं, हे सगळं नंतर. एका वकीलसाहेबांना एकदा याचा राग आला. "अहो, मी काय सांगतोय ते तरी ऐका," ते म्हणाले. नथ्थूजींनी डोळे उघडले नाहीत. "तुमी सांगून राहिले ते तुमाले माहीत आहे साहेब. चाक काय सांगून राहिलं ते तुमालेही माहीत नाई. तेवढं ऐकू द्या."

मी त्या विभागातली फिजिओथेरपिस्ट. नागपुरात सदर भागातल्या एका गल्लीत आमचा लहानसा दवाखाना. भिंतीवर माझी पदवी, अंगावर पांढरा कोट, आणि तोंडी धरमपेठेतली स्वच्छ मराठी, जिची नथ्थूजी मनसोक्त नक्कल करत. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, आणि पुढं सगळं आयुष्य हातमागावर. तरीही खुर्ची कशी ढकलायची हे मी त्यांच्याकडून शिकले. शिकणं माझं झालं आणि दुखणं त्यांच्या वाट्याला आलं. हे मी आजवर आमच्या विभागाबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

मूळचे ते उमरेडचे, विणकराच्या घरातले. लग्नानंतर नागपुरात तांडापेठेत आले आणि तिथंच माग टाकला. एका उन्हाळ्यात रंगवलेल्या सुताच्या लड्या वाळत घालायला घराच्या पत्र्यावर चढले. पत्रा तुटला. कमरेच्या मणक्याला मार बसला आणि पाय गेले ते गेलेच. "लोकायले वाटते हातमाग हातानं चालते," ते म्हणायचे. "खाली पाय असते ना बाप्पा! पाय गेले तं माग गेला." हे ते सुताचा भाव सांगावा इतक्या शांतपणे सांगत.

माग गेला, पण सकाळ राहिली. रोज सकाळी ते खुर्ची ढकलत अर्धा किलोमीटरवरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जात. तिथं त्यांच्या वयाचे चार-सहा जुने विणकर जमत. वाटेत नाल्यावरचा पूल होता, अलीकडून चढ आणि पलीकडून उतार. सिमेंटचा नवा रस्ता झाल्यापासून गल्लीच्या तोंडाशी चार बोटं उंचीची पायरीच तयार झाली होती. हे सगळं ते एकटे पार करत. कुणी भला माणूस मागून खुर्चीला हात लावायला आला, की त्यांचा पारा चढे. "हात काढ गा! मले का सामान समजतं का?" अनसूयाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला सांगायच्या, "पोहे घरी केले तं खात नाईत. त्यायले पोहे नाई, तो पूल पाहिजे."

माझी त्यांची पहिली भेट झाली ती खुर्चीच्या गादीवरून. गादी बसली होती, ती बदलायची होती, पाच मिनिटांचं काम. पण माझं लक्ष गेलं चाकांकडे. त्या खुर्चीला चाकाचा आस बसवण्यासाठी एक पट्टी होती आणि पट्टीला पाच भोकं. आस जितका मागच्या भोकात, तितकी खुर्ची पक्की. पुढच्या भोकात घेतला की ती ढकलायला हलकी होते, पण मागं कलंडण्याची भीती वाढते. आमच्याकडच्या सगळ्या खुर्च्यांचा आस शेवटच्या भोकात असे. यांचा पुढून दुसऱ्या भोकात होता, आणि तिथं लाल सुताचा धागा गुंडाळून बारीक गाठ मारलेली होती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"म्याच केलं मॅडम. मागावर कसं, बसाची पाटी आपल्या मापाची करून घेते..."

"काका, मागं पलटलात तर डोकं फुटेल."

"पलटत नाई मॅडम. इतके वर्सं झाले."

दोनच आठवड्यांपूर्वी आमचा एक पेशंट असाच मागं पलटला होता आणि त्याच्या डोक्याला टाके पडले होते. मी घाबरलेली होते हे खरं. घाईत होते हेही खरं. बाहेर रांग होती आणि माझे दिवस भरत आले होते, उभं राहवत नव्हतं. पण या सगळ्याखाली आणखी एक खरं होतं, ते असं की विणकराला खुर्चीतलं काय कळणार, असं मला वाटलं. मी ट्रेमधली कात्री उचलली, तो लाल धागा कापला, आस शेवटच्या भोकात बसवला आणि काकांनी घरी जाऊन पुन्हा उद्योग करू नये म्हणून वर लोखंडी तार गुंडाळून पकडीनं पिळून टाकली. फाइलमध्ये लिहिलं, 'आस बदलू नये.' "आता कसं, सुरक्षित!" असंही म्हणाले. नथ्थूजींनी वाकून जमिनीवरचा कापलेला धागा उचलला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "ठीक आहे मॅडम," एवढंच बोलले.

पुढच्याच आठवड्यात मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. मुलगी झाली. सात महिन्यांनी परत आले तर चौथ्या की पाचव्या दिवशी अनसूयाकाकू नथ्थूजींना घेऊन आल्या. घेऊन आल्या म्हणजे मागून ढकलत आणलं. काकू आधीच काडीसारख्या, त्यात घामानं निथळत होत्या. नथ्थूजींचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा. मी तो उचलून बघितला. खांद्याच्या उंचीपर्यंतही जात नव्हता. पुढं तपासण्या झाल्या. खांद्याच्या आतली एक कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, निम्मी फाटली होती.

पायांवर चालणाऱ्या माणसाचा खांदा दुखला तर खांदा दुखतो, एवढंच. नथ्थूजींचं सगळंच त्या दोन खांद्यांवर होतं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत, मोरीतून परत, प्रत्येक वेळी सबंध देह दोन हातांवर उचलायचा. आता काकू उचलत होत्या. पोह्याच्या ठेल्यावर जाणं दोन महिन्यांपासून बंद होतं. "पाय गेले तवा रडले नाईत हे," काकू हळूच म्हणाल्या, "पण परवा म्या आंघोळीले उचललं तं भिंतीकडं तोंड केलं."

मग मला ती तार दिसली. गंजलेली, पण मी पिळली होती तशीच. एक पीळसुद्धा हललेला नव्हता.

"काका, इतका त्रास होत होता तर ही सोडली का नाही? घरात पक्कड नव्हती?"

"पक्कड होती ना. पण गाठ तुमच्या हातची होती."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. मागावर धागा तुटला की सांधायचा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण दुसऱ्या विणकरानं मारलेली गाठ त्याला विचारल्याशिवाय सोडायची नाही, मग ती कितीही आडवी येवो. बापानं त्यांना शिकवलेला हा पहिला नियम. "काहून का, त्यानं काई पाहूनच बांधली असन. आपल्याले नाई दिसत, त्याले दिसलं असन. दोन खेपा आलो होतो विचाराले. तुमी रजेवर. दुसऱ्या मॅडम म्हणे, फाइलीत लिहून आहे, मी हात लावत नाई."

काई पाहूनच बांधली असन! मी काय पाहिलं होतं? त्यांचं कोपर पाहिलं नव्हतं, खांदा पाहिला नव्हता, त्यांना दहा पावलंसुद्धा खुर्ची ढकलायला लावली नव्हती. त्यांची गाठ मी न विचारता कात्रीनं कापली होती, आणि माझी गाठ त्यांनी सात महिने खांदा फाटेपर्यंत सांभाळली होती. मला रडू फुटलं. पक्कड आणते असं सांगून मी आतल्या खोलीत गेले आणि कपाटाच्या दाराआड उभी राहून रडले.

पक्कड घेऊन बाहेर आले तर नथ्थूजी म्हणाले, "सोडाची घाई नका करू मॅडम. आधी तुमी बसा हिच्यात." काकूंनी आणि मी मिळून त्यांना बाकावर घेतलं. मी त्यांच्या खुर्चीत बसले. आयुष्यात शेकडो माणसांना खुर्ची ढकलायला शिकवली, पण व्हरांड्यापासून फाटकापर्यंत स्वतः कधी ढकलली नव्हती. चाकं मागं असल्यामुळं रिम, म्हणजे चाकाबाहेरची ढकलायची कडी, धरायला हात पाठीमागं न्यावे लागत. कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी मागं वर निघत. रिम हातात येई ती वीतभर, की लगेच सुटे. सगळा भार पुढच्या लहान चाकांवर, ती फरशीच्या प्रत्येक सांध्यात रुतत. फाटकाशी पोचले तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांत निखारे ठेवल्यासारखं झालं होतं. "अठ्ठावन हात," बाकावरून नथ्थूजी ओरडले. मी चाकाला किती हात मारले ते डोळे मिटून मोजत होते.

मग तार सोडली, आस पुढून दुसऱ्या भोकात घेतला आणि पुन्हा बसले. आता चाक माझ्या मांडीजवळ होतं. हात माथ्याच्या जरा मागून सुरू करून पार पुढं गुडघ्याच्या दिशेनं नेता येत होता. "ताकद नका लावू, मोठा हात मारा," मागून सूचना येत होत्या. "कमी मारा, पण मोठा मारा. अन् परत येताना हात चाकावरून घासत काहून आणून राहिल्या? पडू द्या खाली. खालून फिरून येऊ द्या, झुल्यावानी. ढकलाले ताकद लागते मॅडम, हात परत आणाले अक्कल लागते." फाटक आलं. "एकतीस!"

गंमत अशी, की हात रिमच्या खालून फिरवून आणावा, त्यानं खांद्याला विसावा मिळतो, हे आमच्या पुस्तकात आकृतीसकट होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं आणि मार्कही चांगले मिळाले होते. म्हणजे ज्ञान होतं, फक्त ते उत्तरपत्रिकेतच राहिलं होतं. नथ्थूजींना मी हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. "मंग तं तुमी माहापेक्षा हुशार. मले कोणी मार्क दिले नाईत."

त्यांनी शर्टाच्या खिशातून तो लाल धागा काढला. सात महिने जपलेला, दोन तुकडे झालेला. डाव्या हातानं आणि दातांनी, बघता बघता, त्यांनी ते तुकडे सांधले. गाठ इतकी बारीक की बोटाला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही. मग धागा माझ्यापुढं धरला. "बांधा."

"मी कशाला? जागा तर तुम्ही ठरवलीत."

"जागा म्या ठरवली, पाहिली तुमी. आता पाहूनच बांधून राहिल्या ना? बांधा तं मंग."

मी बांधली. माझी गाठ पाहून ते म्हणाले, "अशी तं शेळीले बांधते." पण सोडली मात्र नाही. पलटण्याची भीती होती, त्यासाठी आम्ही खुर्चीच्या मागं दोन लहान चाकं लावून घेतली. "तुमचं भेव खोटं नव्हतं मॅडम," ते म्हणाले. "पण भेवाले दोन बारके चाकं पुरले असते. खांदा कशाले पाहिजे होता?" या विषयावर ते मला टोचून बोलले ते एवढंच.

खांदा बरा झाला, पण पुरता नाही. महिनोन् महिने व्यायाम केल्यावर हात कानापर्यंत जाऊ लागला, त्याच्या वर कधी गेला नाही. अंघोळीला पुन्हा आपले आपण जाऊ लागले, आणि त्या दिवशी काकू माझ्यासाठी डब्यात पाटवडी घेऊन आल्या. पोह्याचा ठेलाही सुरू झाला. मात्र तो पूल दोन्हीकडून पुन्हा कधी झाला नाही. जाताना चढत, आणि येताना खांदा भरून आला की कुणाला तरी हाक मारावी लागे. "जाताना मालक, येताना पार्सल," ते हसून सांगत. सगळे हसत. मला हसता येत नसे.

मंगळवारी ते आमच्याकडे येऊन बसायला लागले ते याच सुमारास. कुणी बोलावलं नव्हतं. "तुमच्याकडं नवे माणसं येते ना मंगळवारी? मी पाहीन त्यायचे कोपरं," असं त्यांनी जाहीर केलं. हात माथ्यावर ठेवल्यावर कोपर काटकोनापेक्षा जरा जास्त उघडं हवं. फार वाकलं तर बैठक खाली आहे, फार सरळ झालं तर वर आहे. हे मी कोनमापकानं मोजायचे. ते नुसतं बघून सांगायचे आणि बहुतेक वेळा आमचं जुळायचं. जुळलं नाही की आम्ही भांडायचो. भांडणात त्यांची 'मॅडम' जाऊन 'पोट्टी' यायची: "ऐक ना वं पोट्टे, थांब जरा!" भांडण संपलं की पुन्हा मॅडम.

एकदा एक तरणाबांड गडी आला, अपघातापूर्वी तालीम करणारा. खुर्ची अशी काही ढकलायचा की रिमवर हाताचे फटके वाजत. व्हरांड्यातली बाकीची माणसं कौतुकानं बघत होती. नथ्थूजींनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "पैलवान, चाकाशी काई दुश्मनी आहे का?"

"काहून काका? जोरात जाते ना गाडी."

"गाडी जाते. पण तू जो फटका मारतं तो चाकाले बसत नाई, उलटा खांद्यात जाते. अन् खांदा मोठा गरीब गडी असते. कुरकुर करत नाई, अर्ज देत नाई. एका दिवशी एकदम संपावर जाते." मग त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला. तो कानाशी येऊन थांबला. "हे पाहून घे." गड्यानं रिमवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. खांदा कशानं गेला हे मात्र नथ्थूजींनी त्याला सांगितलं नाही. मी शेजारीच उभी होते, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून मीच सांगायला लागले. पुढच्या मंगळवारी, सगळ्यांसमोर. "माझ्या चुकीनं काकांचा खांदा गेला. मी न विचारता आस हलवला." नथ्थूजी खुर्चीच्या रिमला सुती चिंध्या गुंडाळत होते, कारण मे महिन्यात नागपूरच्या उन्हात रिम तव्यासारखी तापते. ते गुंडाळतच राहिले. संध्याकाळी एकटे असताना मी हिय्या करून विचारलं, "काका, तुम्ही मला माफ केलंत का?" त्यांनी चिंधीचं टोक दातानं तोडलं आणि म्हणाले, "चहा सांगा. साखर कमी." मी चहा सांगितला. हा प्रश्न मी पुढं दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा चहाच आला.

गेल्या थंडीत त्यांना मूत्रपिंडाचा आजार झाला. ज्यांचे पाय असे जातात त्यांच्या मागं हे दुखणं लागलेलंच असतं. दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी दोनदा भेटून आले. दुसऱ्या वेळी ते ग्लानीत होते. मी हात हातात घेतला तर मनगटापासून कोपरापर्यंत तो चाचपून, डोळे न उघडता पुटपुटले, "कोपर बरोबर आहे." आठवड्याभरात गेले.

तेरवी झाल्यावर अनसूयाकाकू ऑटोत खुर्ची घालून आमच्याकडे आल्या. रिकामी खुर्ची ढकलत व्हरांड्यात आणली. मंगळवारच होता. बेशाहून आलेली एक मुलगी बाकावर बसली होती, कॉलेजात शिकणारी, वर्षभरापूर्वी पाय गेलेली. तिला अजून स्वतःची खुर्ची नव्हती.

"ते म्हणे, खुर्ची घरात ठेवू नको, कोणाच्या तरी कामात पडन," काकू म्हणाल्या. "पण गाठ मॅडमलेच सोडू द्या म्हणे."

माझी शेळीची गाठ पट्टीवर तशीच होती. धागा मळून काळा पडला होता.

"तिकडं वॉर्डात एका माणसाले वाटलं खुर्ची पलटन," काकू पुढं सांगू लागल्या. "चाक मागं घ्याले बसला. चांगल्यासाठीच करत होता बिचारा. यायले तं बोलाची ताकद नव्हती. पण हात आडवा घातला. म्हणे, 'राहू दे गा. आमच्या मॅडमनं पाहून बांधली आहे.'"

मी खाली बसले. कात्री ट्रेमध्ये होती, तिला हात लावला नाही. धाग्याला नख लावलं आणि थांबले.

"काकू, सोडू का?"

"सोडा," त्या म्हणाल्या.

माझी गाठ सुटायला वेळ लागला, पण सुटली. त्या मुलीला आम्ही खुर्चीत बसवलं, हात चाकाच्या माथ्यावर ठेवायला सांगितला, कोपर पाहिलं. तिला आस तिसऱ्या भोकात लागला. धागा मी कोटाच्या खिशात ठेवला. मधोमध बोटाला ती बारीक गाठ लागते, नथ्थूजींनी डाव्या हातानं आणि दातांनी सांधलेली. ती मी सोडलेली नाही. सोडायची तर आता विचारायचं कुणाला?